टाइमकोड पाठव, राग नंतर बघू

अगं पोरी,

तुझा मेल रात्री पावणेदोनला आलाय. मी सकाळी चहा घेता घेता उघडला, म्हटलं मागत असेल एखादी फाइल-बिइल, तर चहा गार झाला तरी मेल संपेना. वेस्टवर्ल्डचे, त्या यंत्रमाणसांच्या पार्कवरच्या एचबीओ मालिकेचे, चारही सीझन परत सलग बघितलेस, तीन आठवडे झोपेचं खोबरं केलंस, आणि शेवटी काय तर "मला फसवलं", "आता सायन्स फिक्शनचं नाव काढणार नाही", आणि अगदी खाली ता.क. म्हणून, सहज आठवल्यासारखं, की तू लिहिलेली कोयनेची गोष्ट पण डिलीट केली. ती गोष्ट माझ्या मेलमध्ये आहे गं, त्यामुळे डिलीट वगैरे काही झालेली नाहीये. पण ते नंतर.

आधी तुझ्या रागाचं बघू. राग खरा आहे, त्याबद्दल मी तुला काही समजावणार नाही. पण तो तू ज्या भाषेत लिहिलायस ना ती तुझी नाहीये. "लेखकांना माज आला", "आधी काही ठरलेलंच नव्हतं", "पैशासाठी ताणलं". ही वाक्यं कुठल्याही मालिकेला लावता येतात, अगदी आपल्याकडच्या सासू-सुनेच्या मालिकेलाही. आणि ते जे लिहिलंयस की आपण फॅन लोकच होस्ट, म्हणजे त्या पार्कातली यंत्रमाणसं, झालोय, दर सीझनला मेमरी पुसली जाते आणि आपण परत त्याच आशेने उठून बसतो, ते वाक्य छान आहे, खोडून टाक. जगातल्या प्रत्येक वैतागलेल्या फॅनने ते लिहून झालंय.

तू आमच्याकडे एडिटिंग टेबलवर दोन महिने बसलीस तेव्हा बघितलंयस, निर्माता एपिसोड बघायला येतो, सोफ्यावर बसतो, संपल्यावर म्हणतो "मजा नाही आली यार". मग मी काय विचारतो? कुठे. कुठे मजा गेली ते सांगा. तो म्हणतो ओव्हरऑल. मी म्हणतो ओव्हरऑल काही नसतं साहेब, बावीस मिनिटांचा एपिसोड आहे, मी परत लावतो, जिथे तुमचा हात मोबाइलकडे गेला तिथे थांबवा. आणि दर वेळी एक जागा सापडतेच, सात मिनिटं चौदा सेकंद म्हणजे सात मिनिटं चौदा सेकंद, आणि गंमत म्हणजे बिघडलेलं तिथे नसतंच, ते दोन मिनिटं आधी बिघडलेलं असतं. पण जागा सापडल्याशिवाय आधीचं सापडत नाही. तर माझं तुझ्याकडे मागणं एवढंच आहे की तुझा टाइमकोड पाठव. चार सीझनचे ३६ भाग आहेत, त्यातल्या कुठल्या भागात, कुठल्या सीनला तुझा हात मोबाइलकडे गेला?

आधी नाही गेला, ते मला माहितीये. २०१६ला पहिला सीझन आला तेव्हा तू शाळेत होतीस बहुतेक, मी मात्र तो आठवड्याला एक असा बघितलाय, आणि सोमवारी स्टुडिओत आलो की आमचं अर्धा तास काम सुरूच व्हायचं नाही. लोगो जुना का नवा यावरून भांडणं! एका सीनमध्ये पार्कचा लोगो वेगळा आणि दुसऱ्या सीनमध्ये वेगळा, म्हणजे दोन वेगळे काळ चाललेत आणि आपल्याला एकच वाटतोय, हे लोकांनी तिसऱ्या-चौथ्या भागापासूनच पकडलं होतं. आमचा साउंडवाला तर पाचव्याच भागाला पैज लावून बसला की पार्कात आलेला तो गोड तरुण पाहुणा विल्यम आणि तो काळ्या टोपीतला म्हातारा एकच माणूस आहे. पैज जिंकला. आणि तरी दहावा भाग बघून सगळ्यात जास्त गप्प तोच बसला होता.

का ते सांग. त्याला तर उत्तर आधीच माहीत होतं ना? याचं उत्तर मला आमच्याच धंद्यात मिळालं. डेली सोपमध्ये प्रेक्षकाला सगळं आधी माहीत असतं, दुधात काय कालवलंय, पत्र कुठे लपवलंय, कुणाचं बाळ कुणाचं आहे, सगळं. तरी माणसं बघतात, कारण प्रश्न "काय आहे" हा नसतो, "तिला कळेल तेव्हा तिचं काय होईल" हा असतो. पार्कातली होस्ट डोलोरेस तिथे विल्यमची वाट बघतीये, तो येईल आणि मला सोडवेल म्हणतीये, आणि तिच्यासमोर जो म्हातारा उभा आहे तोच विल्यम आहे. आता हे तुला आधी कळलं काय आणि तेव्हा कळलं काय, तिला कळतानाचा चेहरा बघणं टळत नाही. डोलोरेस झालेल्या एव्हन रेचल वूडचा तो चेहरा मी एडिटर म्हणून बघत होतो, कट कुठे येतोय, आणि मधेच विसरलो.

आणि सातवा भाग. पार्कात होस्टवर काम करणाऱ्या बर्नार्डला त्याची सहकारी थेरेसा विचारते त्या दाराबद्दल, आणि त्याला दार दिसतच नाहीये. भिंतीत सरळ दार आहे, आपल्याला दिसतंय, तिला दिसतंय, त्याला नाही. बास. एका साध्या प्रश्नात माणूस यंत्र निघाला. यात आपल्यापासून लपवलेलं काही नव्हतं, लपलेलं होतं ते त्याच्यापासून. दोन काळांची सरमिसळ सुद्धा उगाच नव्हती, होस्टला आठवण येते ती आपल्यासारखी धूसर येत नाही, जशीच्या तशी येते, त्यामुळे आत्ता आणि तेव्हा यातला फरक तिला कळत नाही. म्हणजे गोंधळ तिच्या डोक्यातला होता आणि एडिटने फक्त तिच्या डोक्यात बसून बघितलं. असं कारण हाताशी असेल तर मी वाट्टेल तसा सीन उलटसुलट कापून देईन तुला.

"आधी काही ठरलेलंच नव्हतं" म्हणतेस ते पहिल्या सीझनपुरतं तरी खोटं आहे. २०१६च्या सुरुवातीला त्यांनी चालू शूटिंग थांबवलं होतं, का तर शेवटच्या काही भागांच्या स्क्रिप्ट नीट पूर्ण व्हाव्यात म्हणून. सेट लागलेला, अँथनी हॉपकिन्ससारखा नट घेतलेला, आणि काम बंद. आपल्याकडे एक दिवस शूट थांबलं तर प्रॉडक्शनवाला रडायला लागतो. मालिकेचे कर्ते जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांना शेवट माहीत असल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं, आणि तो सीझन बघताना ते कळतं, २०१७ला एमी या टीव्ही पुरस्कारांची २२ नामांकनं मिळाली ती उगाच नाही.

मग बिघडलं कधी? माझा अंदाज सांगतो, अंदाजच आहे, मी काही त्यांच्या रायटर्स रूममध्ये बसलेलो नाही. फॅन लोकांनी सगळं आधी ओळखलं हे त्यांच्या डोक्यात बसलं असणार. २०१८च्या एप्रिलमध्ये, दुसरा सीझन यायच्या आधी, त्यांनी रेडिटवर, त्या इंटरनेटवरच्या चर्चेच्या साइटवर, जाहीर केलं की हजार अपव्होट द्या, आम्ही अख्ख्या सीझनची गोष्ट आधीच फोडतो. लोकांनी दिले. मग व्हिडिओ आला, सुरुवात खरी वाटली, आणि मग एव्हन रेचल वूड रिक अॅस्टलीचं ते लोकांना फसवून ऐकवायचं कुप्रसिद्ध गाणं म्हणायला लागली, आणि पुढची वीस-एक मिनिटं पियानोसमोर बसलेला कुत्रा. मी हसून लोळलो होतो तेव्हा. आता तो व्हिडिओ आठवला की वाटतं अरे, हे प्रेक्षकाशी शर्यत लावून बसलेत. आणि आठच भागांत मला त्याची किंमत कळली.

माझा टाइमकोड सांगतो. दुसऱ्या सीझनचा नववा भाग.

पण त्याच्या आधी आठवा येतो, आणि तो सांगितल्याशिवाय नववा कळणार नाही. आठवा भाग म्हणजे अकेचेटाचा. तुला आठवतोय ना, तो घोस्ट नेशन या होस्टांच्या टोळीचा, जिला पहिल्या सीझनमध्ये नुसतं अंगाला रंग फासून भीती दाखवायला उभं केलेलं. त्याचा अख्खा एक भाग, जवळजवळ सगळा लकोटा या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, झान मॅक्लार्नन आहे त्यात, तो स्वतः लकोटा वंशाचा. आणि गोष्ट कशी तर सरळ. माणूस एका मुलीसमोर बसून सांगतो, माझी बायको होती, मला ती विसरायला लावली, मला आठवली, मी तिला परत आणायला गेलो तर तिला उचलून नेलं आणि तिच्या जागी दुसरीच बाई उभी केली. मग तो वर्षानुवर्षं मरण टाळत राहतो, कारण मेला की मेमरी पुसणार, आणि शेवटी मुद्दाम मरतो, कारण मेल्यावरच त्या तळघरात नेतात जिथे ती असेल. आणि ती असते. उभी असते, डोळे उघडे, आत कुणी नाही. शेवटी एक छोटीशी गाठ आहे, की तो हे नक्की कुणाला सांगतोय, पण ती गाठ सुटली तरी भाग तसाच राहतो. त्या दिवशी सोमवार होता आणि मी स्टुडिओत कुणाशी बोललो नाही. पियानोवर ओळखीची गाणी वाजवायची संगीतकार रमीन जवादीची ती खोड, तिचा मला कधीकधी वैताग यायचा खरं तर, पण त्या भागात ती सुद्धा माफ.

आणि मग बरोब्बर एका आठवड्याने नववा. विल्यम स्वतःच्या मुलीला गोळ्या घालतो, त्याला वाटतं ही एमिली नाहीच, पार्क उभा करणाऱ्या फोर्डने पाठवलेली होस्ट आहे. आणि तिच्या हातात ते कार्ड असतं, बापाच्या पार्कातल्या सगळ्या कृत्यांची नोंद असलेलं. म्हणजे खरीच होती. बाप, मुलगी, संशय, गोळी. यापेक्षा मोठं काय हवंय कुठल्याही नाटकाला? सगळं जमलेलं होतं. पण पुढे काय झालं बघ. तो माणूस बसून स्वतःचा हात चिरून बघायला लागतो की आपण तरी खरे आहोत का, इथपर्यंत ठीक, वेड लागलेला माणूस करेल असं. पण मालिकाच तो प्रश्न उचलून पळाली. सीझनच्या शेवटच्या भागात श्रेयनामावली संपल्यावर परत एक सीन, तीच एमिली परत, कुठल्यातरी भविष्यात, त्याची परीक्षा घेतीये. म्हणजे मी एका मेलेल्या पोरीसाठी रडत बसलोय आणि मालिका माझ्या खांद्यावर टकटक करून विचारतीये, ओळख बरं, हा खरा का हा खोटा. माझा हात मोबाइलकडे तिथे गेला. दु:खाचं कोडं केलं की दु:खही जातं आणि कोडंही कुणाला सोडवावंसं वाटत नाही.

आणि मग मी जे निर्मात्याला सांगतो तेच स्वतःला केलं, दोन मिनिटं मागे. मागे गेलो तर सापडलं की बिघाड पहिल्याच भागापासून होता, बर्नार्ड समुद्रकिनाऱ्यावर उठतो तिथून. त्याच्या आठवणी उलटसुलट का झाल्यात? तर शेवटी कळतं की त्यानेच त्या मुद्दाम विस्कटल्या होत्या, दुसऱ्या कुणाला सापडू नयेत म्हणून. नीट ऐकलंस? पहिल्या सीझनमध्ये डोलोरेस गोंधळलेली होती म्हणून आपण गोंधळलो. दुसऱ्यात आपण गोंधळावं म्हणून बर्नार्डला गोंधळवला. कागदावर कारण दिलंय, चोख दिलंय, पण ते कारण त्याच्या गरजेपेक्षा रेडिटवरच्या लोकांसाठीच जास्त वाटतं.

इथे तुला शेजारच्या काकूंचं सांगतो, विषयांतर वाटेल. मी एक मालिका करत होतो, नाव सांगत नाही, चॅनलही नाही. त्यात नायिकेच्या वडिलांचं एक पत्र होतं, कपाटाच्या ड्रॉवरमध्ये. दोन आठवड्यांत वाचलं जायचं होतं. पण त्या पत्राचे प्रोमो चालले, टीआरपी वर गेला, आणि वरून निरोप, पत्र एवढ्यात वाचायचं नाही. मग काय, ड्रॉवर उघडला की फोन यायचा, पत्र हातात घेतलं की लाइट जायचे, एकदा तर मांजर आलं. चार महिने! आणि ते सगळं मी कापायचो, मीच, त्या ड्रॉवरचा क्लोजअप माझ्या टाइमलाइनवर कायमचा पडलेला असायचा. काकू रोज जिन्यात गाठून विचारायच्या, अरे ते पत्र वाचणारे का नाही ती. आधी हौसेने विचारायच्या, मग चिडून, मग शिव्या घालून, तुम्हा लोकांना लाज कशी वाटत नाही वगैरे. मी हसून वर जायचो. आणि एक दिवस त्यांनी विचारलंच नाही. कचऱ्याची गाडी आली का, एवढं विचारलं. मालिका त्यांच्याकडे रात्री लागलेली असायचीच, आवाज यायचा भिंतीतून, पण पत्राचं परत कधी नाव नाही. पाचव्या महिन्यात पत्र वाचलं गेलं तेव्हा मी आपणहून सांगितलं, काकू काल बघितलंत का, तर म्हणाल्या, हो का, मी भाजी निवडत होते.

तर तू अजून शिव्या घालतीयेस. म्हणजे तुझं अजून भाजी निवडणं सुरू झालेलं नाही.

माझं झालं होतं, तिसऱ्या सीझनला. आणि त्यात माझी परिस्थिती बघ, १५ मार्च २०२०ला तो तिकडे सुरू झाला, १९ तारखेपासून आपल्याकडे शूटिंग बंद, मग अख्खा देश बंद. मला आयुष्यात पहिल्यांदा आठ आठवडे काम नव्हतं आणि हॉटस्टारवर दर आठवड्याला एक नवा भाग होता. यापेक्षा आदर्श प्रेक्षक कुणाला मिळणार? आणि तरी मी तो भांडी घासता घासता बघितला. पार्क नाही, बाहेरचं जग, सिंगापूर, व्हॅलेन्सियाच्या त्या पांढऱ्याशुभ्र इमारती, प्रत्येक फ्रेम वॉलपेपर. एक मोठ्ठा गोळा, रेहोबोअम, जो सगळ्यांचं भविष्य आधीच लिहून ठेवतो. एरन पॉल बिचारा जीव तोडून काम करतोय. कथा यावेळी सरळ होती, लोकांनी तक्रार केली म्हणून सरळ केली असेल, पण सरळ आणि साधी यात फरक असतो, आतलं माणूसपण गेलं होतं आणि बंदुका राहिल्या होत्या. एक गोष्ट मात्र तुझ्या मेलमध्ये तू चुकलीयेस, तू म्हणतेस तिसऱ्यात काहीच नाही. हेल नावाच्या बाईच्या शरीरातली डोलोरेस, जी दुसऱ्या कुणाच्या तरी पोराची आई व्हायला लागते आणि तिला ते आवडायला लागतं, ते बघ परत. टेसा थॉम्पसनने ते जे केलंय ते पहिल्या सीझनच्या तोडीचं आहे. रागात असताना माणूस चांगलंही फेकून देतो. होस्टला बाहेरच्या जगाचा फोटो दाखवला की तो शांतपणे सांगतो ना मला यात काही दिसत नाही, तसं झालंय तुझं, फक्त उलट्या बाजूने. आधी वाईट दिसत नव्हतं, आता चांगलं दिसत नाहीये.

तुला वाटेल दादा स्वतःच म्हणतोय भांडी घासत बघितलं आणि मला शिकवतोय. बरोबर आहे. पण एक युक्ती मला त्या लॉकडाउनमध्येच सुचली आणि ती अजून वापरतो. नाव झाकून बघायचं. नारळीकर सरांचं तुला माहितीये का, १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी गोष्ट पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही, नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी केली की बास. एवढा मोठा शास्त्रज्ञ, नावावरच बक्षीस मिळालं असतं, पण त्यांना नाव बाजूला ठेवून गोष्टीला काय मिळतं ते बघायचं होतं. पहिलं बक्षीस मिळालं. तर तिसरा सीझन मी तसा बघायचा प्रयत्न केला, समजा याला वेस्टवर्ल्ड म्हणत नाहीत, जगतापांचं काहीतरी आहे. आणि खरं सांगतो, मी दुसऱ्या भागानंतर बंद केलं असतं. मग मी बघत होतो ते काय? पहिल्या सीझनची पुण्याई. ते कळल्यावर माझा राग गेला, कारण राग ज्याच्यावर होता ते संपून दोन वर्षं झाली होती.

चौथ्याबद्दल फार नाही बोलत, तू परवाच संपवलायस, जखम ताजी आहे. मधेच २३ वर्षांची उडी मारली तेव्हा मी एकटाच घरात ओरडलो, लीप आला लीप! आपल्या मालिकांना नावं ठेवतात लोक. पण एक बघ. पहिल्या सीझनच्या पहिल्या भागाचा शेवटचा शॉट काय आहे? डोलोरेस, जी माशीलाही इजा करू शकत नाही असं आपल्याला भागभर सांगितलंय, ती मानेवर बसलेली माशी फटकन मारते. काळं. संपलं. एक माशी आणि माझ्या अंगावर काटा. आणि चौथ्या सीझनमध्ये माशाच माशा, थवे, माणसांच्या आत शिरून त्यांना ताब्यात घेणाऱ्या. किळस आली, काटा आला नाही. तू जर मला विचारलंस की सहा वर्षांत नक्की काय झालं तर मी ते दोन शॉट शेजारी शेजारी लावून दाखवीन, बाकी काही बोलणार नाही.

आणि शेवटचा भाग १४ ऑगस्ट २०२२ला आला, नोव्हेंबरमध्ये मालिका रद्द. पाचवा सीझन करून संपवायचं त्यांच्या मनात होतं, तो झालाच नाही. वर डिसेंबरमध्ये एचबीओने ती स्वतःच्याच एचबीओ मॅक्सवरून काढून टाकली, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याचा फोटो भिंतीवरून उतरवतात तसं. ते वाचून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचं आश्चर्य वाटलं. तू म्हणतेस अर्धवट सोडलं म्हणून फसवलं. मला नाही वाटत. डोलोरेस शेवटी एकटीच उरते आणि परत ते पार्कातलं गाव उभं करायचं म्हणते, शेवटचा एक खेळ. तो शेवट म्हणून वाईट नाहीये. वाईट एवढंच की तिथपर्यंत पोचताना आपल्यापैकी बरेचजण भाजी निवडत होते.

आता कोयनेची गोष्ट.

तू जी मला पाठवलीस त्यात पोफळीच्या भूमिगत वीजघरातला एक म्हातारा ऑपरेटर आहे, ११ डिसेंबर १९६७ची पहाट सांगतोय, भूकंपाची. पहिली तीन पानं मी एका दमात वाचली, तो जमिनीखालचा आवाज, टर्बाइनचा सूर बदलतो आणि त्याला पायातून कळतं, घरच्यांची काळजी आणि जागा सोडता येत नाही, सुंदर आहे. मग चौथ्या पानावर तो चहा पितो. कपाचा कान तुटलेला, चटका बसतो, वगैरे वगैरे अर्धं पान. आणि अकराव्या पानावर कळतं की हा म्हातारा नाहीचे, म्हाताऱ्याच्या आठवणी भरलेलं मशीन आहे, साल २०६७, भूकंपाला शंभर वर्षं झाली म्हणून कार्यक्रमात लोकांसमोर बोलायला ठेवलेलं.

मग चहा कोण प्यायलं गं?

तो चहा तू मला पाजलास. मशीनला चहाची काही गरज नव्हती, मला संशय येऊ नये म्हणून तू तो तिथे ठेवलास. मी तेव्हा तुला काही बोललो नाही, शेवट चांगला धक्का देतो एवढंच लिहिलं होतं, तो माझा आळस. पण आता तूच बर्नार्डच्या किनाऱ्यावर एवढी चिडून आलीयेस तर बघ की चौथ्या पानावर तू तेच केलंयस.

दोन वाटा दिसतात मला. एक, पहिल्याच ओळीत सांगून टाक की हे मशीन आहे. वाचकाला कळू दे, समोर बसलेल्या शाळेच्या पोरांना कळू दे, आणि मग ते मशीन घरच्यांची काळजी करायला लागलं की काय होतं ते बघ, मला वाटतं जास्त होईल. दुसरी वाट अवघड आहे. मशीनलाही माहीत नाही. मग चहा ठेव, पण तो चटका दर वर्षी त्याच जागी, त्याच बोटाला बसू दे, आणि त्याला एकदा वाटू दे की अरे, हा कप मी फेकला होता ना? म्हणजे त्याचं दार. जे पोरांना दिसतंय आणि त्याला नाही.

कुठली घ्यायची ते तू ठरव, मला पहिली आवडलीये पण माझी आवड डेली सोपची आहे, जपून घे. शनिवारी दुपारी टेबल रिकामं आहे, चारनंतर एक प्रोमो यायचाय. ये. फाइल मी परत पाठवतोच आहे या मेलसोबत, चौथ्या पानावर काही खुणा करत नाही. आणि येताना तुझा टाइमकोड घेऊन ये, सीझन, भाग, मिनिट. माझ्याशी जुळला तर वडापाव माझ्याकडून, नाही जुळला तर आधी भांडू.

तुझा,
दादा